मिशीचा हिरवा दिवा

मिशीनं पुन्हा पिवळा दिवा दाखवला तेव्हा हर्षदानं परातीच्या कडेवर हात टेकले आणि मान खाली घातली. डंकाचा दणदणाट चालू होता. बाकड्यावरच्या बायका पदरानं नाकं झाकून आपापल्या पाळीची वाट बघत होत्या. पण नाकं झाकली तरी डोळे उघडेच असतात.

"पिवळा का गं आला?" एकीनं विचारलंच.

"मशीनला सर्दी झालीय, काकू," हर्षदा म्हणाली आणि परात उचलून आत गेली. आत गेल्यावर मात्र तिनं परात ओट्यावर जरा आपटलीच.

रहिमतपूरच्या रस्त्याला पिसाळांचा डंक आहे. ज्यांनी डंक पाहिला नाही त्यांना सांगायला हवं, की तिकडं वर्षाच्या तिखटमसाल्याला चटणी म्हणतात आणि ती मिक्सरला होत नाही. ती कांडावी लागते. मोटारीवर लोखंडी मुसळं वर उचलली जातात आणि उखळात आदळतात, त्याला डंक म्हणायचं. बायका मिरची, भाजलेलं खोबरं, तळलेला कांदा, लसूण, खडा मसाला असं सगळं घरून डबे भरून आणतात आणि आपली चटणी दुसरीच्या चटणीत मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उखळापाशी बसतात. उन्हाळा अलीकडे शिमग्यापर्यंत थांबत नाही, संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत चटके बसायला लागतात. त्यामुळे हा हंगामही चांगलाच लांबला आहे.

डंक मालन पिसाळांचा. लोकांच्या त्या मालनकाकू आणि हर्षदाच्या आत्या. सासूला आत्या म्हणायची त्या भागातली रीतच आहे. आत्या लोकांची चटणी कांडून द्यायच्या आणि स्वतःचीही करून विकायच्या. त्यांच्या चटणीसाठी सातारा-कऱ्हाडहून माणसं यायची, आणि मुंबई-दुबईला डबे जायचे ते वेगळेच. हर्षदा लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या हाताखाली शिकली. मिरची तीच, प्रमाण तेच, भाजणं तेच. तरी आत्या तिची चटणी हुंगून म्हणायच्या, "झालीय चांगली. पण हात न्हाई लागला अजून." बोलणं मायेचं होतं, पण दरवर्षी ऐकून ऐकून ते हर्षदाच्या मनात ठुसठुसायला लागलं होतं.

आणि आता मिशीही तेच म्हणत होती.

मिशी म्हणजे तळहाताएवढी डबी, वर दोन पिसांसारख्या काड्या. तिचं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण त्या काड्या बघून आत्यांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं उरकलं. या डबीची कल्पना आली रेशमाच्या पतंगावरून. या पतंगातला नर आयुष्यभर काही खात नाही. त्याचं सगळं जगणं डोक्यावरच्या दोन मिशांमध्ये असतं. कुठंतरी लांब बसलेल्या मादीच्या अंगचा वास हवेत विरून जवळजवळ संपलेला असतो, तरी तो या मिशांना कळतो. मिशांवरच्या केसांमध्ये प्रथिनं असतात आणि प्रत्येक प्रथिनाला ठरावीक रेणूच चिकटतात. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं अशी प्रथिनं यीस्टकडून बनवून घेतली आणि केसाहून पातळ अशा कार्बनच्या पापुद्र्यावर बसवली. रेणू चिकटला की पापुद्र्यातून वाहणारी वीज किंचित बदलते. अशी शेकडो प्रथिनं शेजारी शेजारी बसवली की एकेका वासाची नक्षी उमटते, रांगोळीसारखी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. मिशीला लवंग कळत नाही, खोबरं कळत नाही, काहीच कळत नाही. तिला एक नमुना हुंगायला द्यायचा. त्यात जे जे असेल त्याची नक्षी ती जशीच्या तशी धरून ठेवते आणि पुढं येणारा प्रत्येक डबा तिच्याशी ताडून बघते. जुळलं की हिरवा, थोडं चुकलं की पिवळा, भलतंच असलं की लाल. परगावचे दुकानदार आता हिरव्या दिव्याच्या शिक्क्याशिवाय डबा उचलत नव्हते.

नमुना द्यायचा दिवस हर्षदाला चांगला आठवत होता. प्रयोगशाळेच्या नफिसा मुजावर स्वतः आल्या होत्या. बाई मूळच्या कोल्हापूरच्या, चटणीत वाढलेल्या, त्यामुळे आत्यांशी त्यांचं लगेच जमलं. त्यांनी आत्यांना हातमोजे दिले आणि बजावलं, "काकू, नमुना कालवताना हे काढायचे नाहीत." मग त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या. आत्यांनी दाराकडे बघितलं, हातमोजे उतरवून पदराखाली ठेवले आणि कोपरापर्यंत हात परातीत घातले.

"आत्या, मॅडम नको म्हणाल्यात ना?"

"आगं, हातमोजं घालून कालवली तर ती काय माझी चटणी हाय? त्या मशीनला खरं काय ते शिकू दे की."

हर्षदाला ते पटलं. कांडलेल्या चटणीवर घरच्या बाईनं मोकळा हात फिरवल्याशिवाय ती डब्यात जायची नाही, हे तिनं माहेरीही बघितलं होतं. म्हणून ती गप्प बसली, आणि मॅडम परत आल्या तेव्हा आत्यांच्या हातात पुन्हा हातमोजे होते.

यंदा मात्र पंचाईत झाली. आत्यांचा उजवा हात आखडायला लागला. परातीत हात घातला की मध्येच थांबायचा, गाडी घाटात अडावी तसा. "वाऱ्यानं धरलाय," म्हणत त्या तेल चोळायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. मोठ्या पराती आता हर्षदावर आल्या, आणि तिच्या प्रत्येक परातीला मिशी पिवळा दिवा दाखवायची.

नवरा समजूत घालायचा. त्याचं नाव धैर्यशील, पण पाल दिसली की पाटावर चढणारा. डंकाची मोटार, पट्टे, दुरुस्ती सगळं तो बघायचा. "एवढं काय मनाला लावून घेतेस," तो म्हणाला. "आईचा हात आईचाच."

हे ऐकून हर्षदाचं डोकं आणखी तापलं. दुसऱ्या दिवशी तिनं एकाच उखळातून निघालेली चटणी तीन परातींत सारखी वाटली. एकीत आत्यांनी हात फिरवला, दुसरीत तिनं. आत्यांची हिरवी आली, तिची पिवळी. मग तिनं हातमोजे घालून तिसरी कालवली, तीही पिवळी. म्हणजे फरक मिरचीत नव्हता, मसाल्यात नव्हता. तिनं तिन्ही नमुने पुण्याला पाठवून दिले आणि सोबत निरोप धाडला, की मॅडम, तुमच्या मशीनला माझं काय वाकडं आहे तेवढं सांगा.

नफिसा मॅडम आठवडाभरानं स्वतःच आल्या. आत्यांशी गप्पा मारल्या, चहा घेतला, बोलता बोलता आत्यांच्या मनगटावरून कापसाचा बोळा फिरवून तो मिशीसमोर धरला. मग हर्षदाला म्हणाल्या, "चला, मला तुमचं लिंबाचं झाड दाखवा." परड्यात गेल्यावर त्यांनी झाडाकडे बघितलंही नाही.

"हर्षदाताई, खरं सांगा. नमुना देताना काकूंनी हातमोजे काढले होते ना?"

हर्षदानं मान हलवून हो म्हटलं.

"तुमच्या चटणीत काहीही कमी नाही. काकूंच्या चटणीत एक गोष्ट जास्त आहे. माणसाच्या नाकाला ती कळणार नाही, जिभेला तर नाहीच. ती त्यांच्या त्वचेच्या तेलातून येते. कोपरापर्यंत हात घातला की ते तेल चटणीच्या तेलात उतरतं. मिशीनं नक्षी शिकली ती त्या तेलासकट." मॅडमनी आवाज खाली आणला. "कंपवाताच्या आजारात त्वचेचं तेल बदलतं. हात कापायला लागायच्या कितीतरी आधी. वास येणंही आधीच बंद होतं. मी डॉक्टर नाही आणि मिशी काही दवाखान्याचं यंत्र नाही. पण हे रेणू आम्ही ओळखतो. काकूंना तपासून घ्या."

हर्षदाच्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगायलाच हवं. तिला आनंद झाला. आपला हात खोटा नव्हता, एवढंच आधी तिच्या मनात आलं, आणि मग बाकीचं कळलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं लिंबाची फांदी धरली आणि काटा बोटात रुतला तरी सोडली नाही.

"औषध आहे का?"

"आहे. मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबत नाहीत, पण वेग पुष्कळ कमी होतो. जितक्या लवकर सुरू कराल तितकं जास्त पदरात पडतं. आणि एक. हे काकूंना स्वतःला कळलं पाहिजे, आधी त्यांना. मी सांगू का?"

"नको, मी सांगते," हर्षदा म्हणाली.

पण रात्री तिनं धैर्यशीलला सांगितलं, आणि तिथंच चुकलं. तो ऐकून खाटेवर बसून राहिला. मग म्हणाला, "आत्ता नको. आई या हंगामावर जगते. आत्ता सांगितलं तर ती परातीला हात लावायची नाही, झुरत बसेल. अक्षय्यतृतीया होऊ दे, डबे जाऊ देत. मग मी स्वतः नेतो तिला साताऱ्याला."

"मॅडम म्हणाल्या लवकर."

"दोन-तीन महिन्यांनी काय होतंय? हंगाम उरकू दे, हर्षदा. तिच्याच भल्याचं बोलतोय मी."

तो लबाडी करत नव्हता. आईवर त्याचा फार जीव होता आणि म्हणूनच तो घाबरला होता. हर्षदालाही तोंड उघडायची हिंमत होत नव्हती, त्यामुळे तिला त्याचं म्हणणं सोयीचं वाटलं. अशी सोय फार लवकर अंगवळणी पडते.

हंगाम चालू राहिला. पार्सलं न्यायला बिनड्रायव्हरची गाडी दारात येऊन उभी राहायची आणि भोंगा वाजवत बसायची. आत्या आखडत्या हातानं पराती कालवत होत्या आणि प्रत्येक परात हिरवी येत होती. तो दिवा लागला की बाकड्यावरच्या बायका माना डोलवायच्या, आणि हर्षदाला दुसरीकडे बघावंसं वाटायचं. आता तिला जुन्या गोष्टीही दिसायला लागल्या. सुरुवातीला मिशीवर तोंडसुख घेणाऱ्या आत्या अलीकडे चटणी झाली की आधी तिलाच विचारायच्या. "हर्षे, वास बघ गं, खोबरं नीट भाजलंय का," असं म्हणायच्या, आणि आपण मात्र हुंगून बघायच्या नाहीत. एकदा तर धैर्यशील कढईजवळ पट्टा जुळवत बसला होता आणि त्याच्या नाकाखाली तीळ जळून कोळसा झाले. हर्षदा परड्यातून धावत आली.

"अहो, नाक आहे का नुसता दिखावा?"

"माझं लक्ष नव्हतं गं."

"आगं, आमच्या घरातल्या पुरुषांना कधी वास आलाय?" आत्या हसून म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच संपला.

अक्षय्यतृतीयेच्या थोडं आधी नफिसा मॅडमचा फोन आला. डॉक्टर काय म्हणाले, हे विचारायला त्यांनी केला होता. हर्षदा उखळापाशी होती, फोन आत्यांनी उचलला.

संध्याकाळी डंक बंद झाल्यावर आत्यांनी दोघांना समोर बसवलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोन वर्सं झाली, मला वास येत न्हाई," त्या म्हणाल्या. "लसणाचा न्हाई, मोगऱ्याचा न्हाई. कुणाला सांगू? चटणीवाली मालन आन तिला नाक न्हाई. म्हणून त्या मिशीला धरून बसले. राती पडल्या पडल्या इचार करायची, आपलं काय जातंय हे. एकटीनं इचार करायची. आन तुमाला ठावं होतं."

"आई, हंगाम होता म्हणून…"

"कुनाचा रं हंगाम? चटणीचा का माझा?" आत्यांनी आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. "हात माझा. त्याचं काय झालंय ते मला आधी कळायचं. मग मी रडंन, नायतर चटणी कालवीन, ते माझं मी बघंन. तुमी दोघांनी माझ्या माघारी ठरवून टाकलं."

धैर्यशील लहान मुलासारखा रडला. हर्षदाला रडूही आलं नाही. तिनं फक्त आत्यांचा तो हात आपल्या हातात घेतला. आत्यांनी तो काढून घेतला नाही, पण त्या रात्री त्या जेवल्या मात्र नाहीत.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की होय, तोच आजार आहे. औषध लगेच सुरू झालं. उशिराचं काय नुकसान झालं, असं आत्यांनी त्यांना तोंडावर विचारलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांचा हिशोब कुणीच देऊ शकणार नाही. आत्या परत येताना गाडीत म्हणाल्या, "देता येत न्हाई म्हंजे झालं न्हाई, असं नसतंय." त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

पुढच्या हंगामाला नफिसा मॅडम नवा नमुना घ्यायला आल्या. या वेळी तो हर्षदानं दिला, हातमोजे घालून, मॅडमच्या डोळ्यांदेखत. आत्या शेजारी खुर्चीत बसून बघत होत्या. नक्षी मिशीत उतरली तेव्हा मॅडमनी विचारलं, "जुनी पुसून टाकू ना, काकू?"

"नको पोरी. असू दे."

"आता तिचा काय उपयोग?"

"उपेग कशाला पायजे? माझी हाय ती."

मॅडमनी तिची सोय करून दिली. मिशीवर आता दोन दिवे झाले. डावा हर्षदाच्या नक्षीचा, उजवा आत्यांच्या. आत्या घरापुरती एक लहानशी परात मोकळ्या हातानं कालवायच्या, तेव्हा तेवढा उजवा हिरवा व्हायचा. बाकी सगळे डबे डाव्या दिव्यावर जायचे आणि लोक ते तितक्याच आवडीनं नेत होते. एक दिवस आत्यांनी हर्षदाची चटणी बोटानं जिभेवर घेतली आणि म्हणाल्या, "वासाचं मला आता कळत न्हाई. पर जिभेला लागतंय, हात बसला तुझा." हर्षदा त्या दिवशी उगाचच सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजत सुटली.

शिमग्याच्या आधीच्या गर्दीत एका सकाळी तिला उखळ सोडता येईना. कुणाची मिरची ओली निघाली होती आणि मुसळाला चिकटत होती. परात तशीच पडलेली बघून धैर्यशील बाह्या सरसावून बसला. हातमोजे त्याच्या पंजाला बसत नव्हते, ते त्यानं बाजूला टाकले आणि कोपरापर्यंत हात घालून मन लावून कालवायला लागला. मग बोट चाटून म्हणाला, "बघा, आईचा हात आलाय मला." बायका हसल्या. बाहेर गाडी भोंगा वाजवत होती म्हणून तो तसाच लाल हातांनी दारापर्यंत गेला.

हर्षदानं सवयीनं त्या परातीतली चिमूट मिशीसमोर धरली. डावा दिवा पिवळा आला. उजवा हिरवा आला.

तिला वाटलं काड्या पुसायच्या राहिल्या असतील. तिनं त्या पुसल्या आणि परातीच्या दुसऱ्या बाजूची चिमूट घेतली. उजवा पुन्हा हिरवा आला.

"आत्या," तिनं खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही हात घातला होता का यात?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या. त्या आधीपासूनच त्या दिव्याकडे बघत होत्या.

जळलेले तीळ तिला आठवले. भाजी सपक आहे म्हणत वरून तिखट घेणारा नवरा आठवला. मॅडमनी सांगितलं होतं, की हा आजार घराण्यात क्वचितच उतरतो, पण क्वचित उतरतोही. आणि तिच्या मनात एक वाक्य आपोआप तयार व्हायला लागलं: आत्ता नको. एवढा शिमगा होऊ दे. मिशीच्या उजव्या दिव्याची कळ बोटानं जराशी फिरवली की तो बंद होत होता. धैर्यशीलला त्या रात्री खाटेवर बसून काय वाटलं असेल, ते तिला आज पहिल्यांदा नीट कळलं. तिला त्याची कीव आली आणि स्वतःची भीती वाटली.

तिनं आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी आपला आखडलेला हात हळूहळू वर उचलला आणि शेजारच्या रिकाम्या बाकड्यावर ठेवला.

हर्षदा उठली आणि तिनं डंकाचा खटका खाली ओढला. मुसळं एकेक करून थांबली. भर हंगामात दिवसाढवळ्या डंक बंद पडलेला त्या रस्त्यानं बहुधा कधी ऐकला नव्हता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"लाइट गेली का गं?"

"नाही काकू, मी बंद केलाय. मिरची राहू दे तशीच. आज जरा वेळ लागेल."

आवाज थांबलेला ऐकून धैर्यशील धावत आत आला. "अगं, बंद का केलास? हंगाम आहे, हर्षदा…" आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तो स्वतःच थांबला. त्यानं बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग परातीशेजारच्या मिशीकडे. उजवा दिवा अजून चालू होता.

"ये. बस हितं," आत्या बाकड्यावर हात थोपटत म्हणाल्या. "तुला सगळ्यांच्या आधी सांगायचंय."

तो हात न धुताच आईशेजारी येऊन बसला.